सोसायटीच्या लॉबीतला हुशार बोर्ड: काय दाखवावं, कुणाला, आणि गप्प कधी बसावं?

रावपुरेकर | 8 जून 2025, रात्री 9:40

नमस्कार मंडळी.

नावात रावपुरा असला तरी हल्ली मुक्काम बडोद्यातच विश्वामित्री नदीपासून चालत पाच-सात मिनिटांवर. चार मजले, दोन विंगा, 32 घरं. साधारण निम्मे आपण मराठी, उरलेले गुजराती आणि दोन सिंधी कुटुंबं. यंदा रंगकामातून थोडे पैसे उरले आणि कमिटीच्या डोक्यात आलं की लॉबीत स्क्रीन लावू या. परवा विक्रेता येऊन डेमो देऊन गेला. 55 इंची स्क्रीन, वर कॅमेरा. समोर कोण उभं आहे ते चेहऱ्यावरून ओळखतो आणि त्याप्रमाणे मजकूर बदलतो. मी समोर गेलो की माझा मेंटेनन्स किती बाकी, दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना औषधाची आठवण, पोरांना स्कूल व्हॅन कुठवर आली ते. समोर कोणीच नसेल तेव्हा जाहिराती. जाहिरातींचे पैसे सोसायटीला. कमिटी खूश!

बोर्ड मलाही हवाय. पण त्याने मला ओळखायचं काय कारण? त्याने वेळप्रसंग ओळखावा. सकाळी पाणी किती वाजेपर्यंत, लिफ्ट बंद असेल तर तेवढं, पावसाळ्यात नदी किती फुटांवर. सांगण्यासारखं काही नसेल तेव्हा काळा पडून राहावं. हे मीटिंगमध्ये म्हटलं तर सोसायटीचे प्रमुखसाहेब म्हणाले, "काळाच ठेवायचा तर घ्यायचा कशाला?" सगळे हसले, विषय संपला.

येत्या रविवारी पुन्हा मीटिंग आहे. तुमच्याकडे असले बोर्ड आहेत का? सोसायटीत, ऑफिसात, दवाखान्यात, कुठेही. लोक कशाकडे बघतात आणि कशाकडे नाही?

मगरमित्र | 8 जून, रात्री 9:52

समोर कोणी नसताना जाहिरात दाखवणार आणि तिचे पैसे मिळणार? त्या विक्रेत्याला माझा साष्टांग नमस्कार.

बाकी नदी पाच मिनिटांवर आहे म्हणता, तर चेहरे ओळखताना नदीतल्या आमच्या मगर मंडळींचाही विचार व्हावा. "स्वागत आहे. आपला मेंटेनन्स बाकी नाही."

अनघा_कारेलीबाग | 8 जून, रात्री 10:15

रावपुरेकर, आमच्याकडे गेल्या दिवाळीपासून आहे. चेहरा वगैरे ओळखत नाही, साधाच. सुरुवातीला सगळे थांबून बघायचे, मुलं तर हलायचीच नाहीत. मग क्लासेसच्या, मॉड्युलर किचनच्या, दातांच्या दवाखान्याच्या जाहिराती सुरू झाल्या आणि मान वळायची बंद झाली. मार्चमध्ये एकदा टाकी धुवायची म्हणून दुसऱ्या दिवशी पाणी बंद होतं. सूचना स्क्रीनवर होती, कोणी नाही म्हणणार नाही. पण दोन जाहिरातींच्या मधे काही सेकंद यायची आणि जायची. सकाळी अर्धी बिल्डिंग बादल्या घेऊन गॅलरीत.

आता वॉचमन सूचना कागदावर लिहितो आणि स्क्रीनच्या काचेवरच सेलोटेपने चिकटवतो. ती मात्र सगळे वाचतात!

रावपुरेकर | 8 जून, रात्री 10:21

अनघाताई, त्या कागदाचा फोटो मिळेल का? मीटिंगमध्ये दाखवतो.

फतेगंजची_फाइन_आर्ट्सवाली | 8 जून, रात्री 11:30

अनघाताईंकडे जे झालं त्यावर अभ्यास झालेला आहे. 2009 साली जर्मनीतल्या संशोधकांनी सार्वजनिक स्क्रीनांवर काम केलं, त्यात 'डिस्प्ले ब्लाइंडनेस' ही कल्पना मांडली. लोकांना स्क्रीन दिसत नाही असं नाही. "इथे आपल्या कामाचं काही नसणार" हा अंदाज आधीच बांधलेला असतो, म्हणून डोळे पोचतच नाहीत. म्हणजे जाहिरात आणि पाण्याची सूचना एकाच चौकटीत ठेवली की जाहिरात सूचनेलाही बुडवते. त्याच्या आदल्या वर्षीचा आणखी एक अभ्यास आहे. त्यात दिसलं की बघणारेही एखाद-दोन सेकंदच बघतात. त्यामुळे फिरत्या पाट्या, सरकत जाणारी ओळ, व्हिडिओ हे लॉबीत फुकट. चालता माणूस एका नजरेत घेईल तेवढंच त्याच्यापर्यंत पोचतं.

आणि दादा, तुम्ही जे "वेळप्रसंग ओळखावा" म्हणताय ते या क्षेत्रात बरंच जुनं आहे. बिल शिलिट आणि मार्विन थायमर यांनी 1994 मध्ये 'कॉन्टेक्स्ट-अवेअर' यंत्रांची चर्चा केली तेव्हा त्यांच्या डोक्यात होतं: तुम्ही कुठे आहात, जवळ कोण आहे, आजूबाजूला काय आहे, आणि यातलं काय बदलतंय. विक्रेत्यांनी त्यातलं "कोण" तेवढं उचललं, कारण जाहिरात त्यावरच विकली जाते.

निवृत्त_पण_प्रवृत्त | 9 जून, सकाळी 6:10

मी एका सोसायटीचा खजिनदार आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. लिफ्टचा वार्षिक करार, पंप, वॉचमनचा पगार, सगळं दरवर्षी वाढतं. मेंटेनन्स शंभर रुपयांनी वाढवायचा म्हटलं की हेच सभासद माझ्या अंगावर येतात. जाहिरातीतून दोन पैसे आले तर बिघडलं कुठे? फुकटात शांतता मागणारे सगळे, तिचे पैसे कोण भरणार?

दुसरं. थकबाकीदारांची नावं लॉबीत झळकली पाहिजेत. साधी विनंती करून काही होत नाही, हा आमचा अनुभव आहे.

काळाकोट | 9 जून, सकाळी 10:05

काका, थांबा थोडं. कागदी नोटीस बोर्डावर यादी लावण्यावरूनसुद्धा सोसायट्यांमध्ये भांडणं होतात. येणाऱ्या-जाणाऱ्या कुरिअरवाल्यासमोर माणूस उभा राहिला की त्याची थकबाकी मोठ्या अक्षरात येणार, हे तर मला कुठल्याच बाजूने समर्थनीय वाटत नाही.

चेहऱ्यांबद्दल. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट 2023 मध्ये आला. त्याच्या नियमांचा मसुदा जानेवारी 2025 मध्ये निघाला. कायद्याची दिशा स्पष्ट आहे: कशासाठी माहिती घेताय ते सांगा, संमती घ्या, काम झालं की काढून टाका. 18 वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळून बघता येईल अशी संमती लागते, आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवणं किंवा त्यांना हेरून जाहिराती दाखवणं याला मनाई आहे. "पोरांना स्कूल व्हॅन दाखवतो" म्हणणाऱ्या त्या कॅमेऱ्याला 32 घरांतल्या प्रत्येक पोराचा चेहरा साठवावा लागणार. कुठे साठवणार, कोण बघणार, तुम्ही करार मोडलात तर त्या चेहऱ्यांचं काय, हे विक्रेत्याला लेखी विचारा. लेखीच. तोंडी सगळेच "काही टेन्शन घेऊ नका" म्हणतात.

फतेगंजची_फाइन_आर्ट्सवाली | 9 जून, दुपारी 1:20

काळाकोट, यात एक फरक आणखी सांगते. नव्वदच्या सुमाराला इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत 'अ‍ॅक्टिव्ह बॅज' बनवला होता. छातीवर लावायचा छोटा बिल्ला. दर पंधरा सेकंदांनी इन्फ्रारेडमधून आपला नंबर सांगायचा, खोल्याखोल्यांत ते ऐकणारे सेन्सर. ऑपरेटरबाई बघायची की अमुक माणूस आत्ता कुठल्या खोलीत आहे आणि फोन तिकडे जोडून द्यायची. पाळत ठेवली जाईल ही ओरड तेव्हाही झाली. पण बिल्ला काढून ड्रॉवरमध्ये टाकता यायचा. चेहरा कुठे काढून ठेवणार?

इंदूरची_पोहेवाली | 9 जून, दुपारी 2:02

आमच्या इंदुरात आयबसच्या थांब्यांवर पुढची बस किती वेळात येणार याचे बोर्ड होते. आयबसचा वेगळा मार्ग 2013 मध्ये सुरू झाला, 2025 मध्ये तोच काढायला घेतला. तो आकडा बरोबर असला की लोक निवांत उभे राहायचे. एकदा-दोनदा चुकला की पुन्हा सगळे रस्त्यावर वाकून बघायला मोकळे. बोर्डाचा भरवसा दुधासारखा आहे, एकदा नासला की संपलं.

आणि स्वच्छतेत आम्ही पहिले आहोत हे जाता जाता.

मगरमित्र | 9 जून, दुपारी 2:10

तरी म्हटलं इंदूरकर आले आणि स्वच्छतेचा पहिला नंबर अजून कसा निघाला नाही.

इंदूरची_पोहेवाली | 9 जून, दुपारी 2:14

निघाला. आता सराफा आणि पोहे काढू का?

मगरमित्र | 9 जून, दुपारी 2:15

नको. सेव-उसळ खाणाऱ्यांना त्याची गरज नाही.

सव्वाआठची_लोकल | 9 जून, संध्याकाळी 7:48

गाडीत उभ्याने लिहितोय, चुका पोटात घाला.

चांगला बोर्ड बघायचा असेल तर बडोदे जंक्शनला फलाटावर जा. गाडी यायच्या आधी डोक्यावरच्या छोट्या पाट्यांवर डब्यांचे नंबर लागतात. तुम्ही जिथे उभे आहात तिथे कुठला डबा येणार, एवढंच. त्या पाटीला तुमचं नाव, तुमचं तिकीट काही माहीत नाही. फक्त ती स्वतः फलाटावर कुठे आहे आणि कुठली गाडी येतेय हे माहीत आहे. गाडी गेली की विझते किंवा घड्याळ दाखवते. लाखो माणसं बघतात आणि एकाचाही चेहरा साठवावा लागत नाही.

मुंबईचे इंडिकेटर तसेच. वेळ, शेवटचं स्टेशन, स्लो की फास्ट, किती डब्यांची. आम्ही पळता पळता वाचतो. त्यात सेलची जाहिरात घुसवून बघा, फलाटावर दंगल होईल.

एम्बेडेड_बाबा | 9 जून, रात्री 10:40

याच धंद्यात आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

समोर कोणी आहे का, एवढंच कळायला कॅमेरा लागत नाही. जिन्यातले आपोआप लागणारे दिवे असतात, त्यातला पीआयआर सेन्सर शंभर-दीडशे रुपयांत येतो. अंगाच्या उष्णतेची हालचाल टिपतो. त्याची खोड अशी की माणूस अगदी स्तब्ध उभा राहिला की त्याला वाटतं गेला. वाचत उभ्या असलेल्या आजोबांच्या तोंडावर स्क्रीन विझतो. ते नको असेल तर मिलिमीटर-वेव्ह रडार येतं. श्वासाने छाती हलते तेवढीसुद्धा हालचाल त्याला कळते, पण माणूस कोण ते कळत नाही. तुमच्या कामाला नेमकं हेच हवं. सोबत उजेड मोजणारा सेन्सर, म्हणजे रात्री स्क्रीन डोळ्यांत घुसणार नाही.

वीज. 55 इंची स्क्रीन ढोबळमानाने 120 वॅट धरा. चोवीस तास चालू ठेवलात तर महिन्याला 85 युनिटच्या आसपास. समोर माणूस असतानाच लावलात तर त्याचा छोटा हिस्सा. खजिनदारकाका, ही पण कमाईच.

लॉबी पश्चिमेकडे उघडी आहे का? घरगुती टीव्ही तीनशे-चारशे निट उजेड देतो, त्यावर दुपारचं ऊन पडलं की आरसा. उन्हात वाचता येणारे स्क्रीन अडीच हजार निटच्या घरात जातात, किंमतही तशीच. त्यापेक्षा ई-पेपर बघा, म्हणजे पुस्तकं वाचायच्या किंडलला असतो तसला स्क्रीन. चित्र बदलतानाच वीज खातो, एरवी शून्य. उन्हात कागदासारखा दिसतो. हळू बदलतो, रंगीत असेल तर बदलायला पंधरा-वीस सेकंद सहज घेतो. पाण्याची वेळ सांगायला घाई कुठे आहे? आणि जाहिरातवाल्याला तो आवडत नाही, हा त्याचा गुणच समजा.

निवृत्त_पण_प्रवृत्त | 10 जून, सकाळी 6:05

85 युनिटचा हिशोब लिहून घेतला. पण बाबा, बोर्ड कितीही हुशार असो, लिफ्ट बंद आहे हे त्यात घालणार कोण? आमच्याकडे सेक्रेटरीला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायला नातू लागतो.

एम्बेडेड_बाबा | 10 जून, सकाळी 8:30

बरोबर पकडलंत. म्हणून माणसाने घालायच्या गोष्टी कमीत कमी ठेवायच्या. लिफ्टच्या पॅनलमधून सिग्नल घेता येतो, टाकीच्या पातळीचाही येतो. हाताने टाकलेल्या सूचनेला मुदत बंधनकारक करायची. "पाणी बंद" ही पाटी पाणी आल्यावरही दोन दिवस राहिली की तिसऱ्या दिवशी तिला कोणी विचारत नाही.

अनघा_कारेलीबाग | 10 जून, सकाळी 9:15

खरं सांगायचं तर आमचा वॉचमनच सगळ्यात हुशार बोर्ड आहे. माझ्या हातात पिशव्या दिसल्या की "बेन, लिफ्ट बंद छे", आणि तळमजल्यावरच्या काकांना ते सांगत पण नाही.

मगरमित्र | 10 जून, सकाळी 9:20

आणि तुमच्या पिशव्यांत काय होतं ते त्याच काकांना सांगतो. डेटा संरक्षण शून्य.

फतेगंजची_फाइन_आर्ट्सवाली | 10 जून, दुपारी 12:45

"काळाच ठेवायचा तर घ्यायचा कशाला" या प्रश्नाला उत्तर देते. मार्क वायझर हे झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या प्रयोगशाळेत होते. 1991 मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांचा लेख आला, त्यात ते म्हणतात की उत्तम तंत्रज्ञान वापरता वापरता दिसेनासं होतं. पुढे त्यांनी आणि जॉन सीली ब्राउन यांनी शांत तंत्रज्ञानाची कल्पना मांडली. त्यांचं आवडतं उदाहरण म्हणजे नॅटली जेरेमिजेन्को या कलाकार बाईंनी तिथे लावलेली एक दोरी. आठ फुटी प्लास्टिकची दोरी, छताला छोट्या मोटरला टांगलेली, मोटर ऑफिसच्या नेटवर्कच्या वायरला जोडलेली. नेटवर्कवर काही गेलं की दोरीला हलका झटका. वर्दळ वाढली की गरगर फिरायची, आवाज करायची. कामात असलेल्या माणसाला मान वर न करता कळायचं. रिकाम्या वेळी ती जवळजवळ नुसती लोंबकळत असायची, आणि त्या वेळी तिने काय करावं असं कोणी विचारलं नाही.

नदीसाठी लॉबीत असं काही करता येईल. एक दिवा, किंवा वर-खाली होणारं काही. आकडे वाचायला लागूच नयेत.

मगरमित्र | 10 जून, दुपारी 12:50

लॉबीत आठ फुटी दोरी टांगा. संध्याकाळपर्यंत पोरांनी तिला झोका बांधला नाही तर नाव बदलीन.

मिऱ्याबंदर | 10 जून, रात्री 8:30

मी रत्नागिरीचा. आमच्याकडे हे फार पूर्वीपासून आहे, त्याला आम्ही बावटा म्हणतो. "तीन नंबरचा लागलाय" म्हटलं की होड्या आत. बावटा म्हणायचं, पण दिवसा काठीवर लावतात ते शंकू आणि ढोलाच्या आकाराचे ठोकळे. रात्री लाल-पांढरे दिवे. हल्ली मोबाइलवर पण येतं, तरी नजर काठीकडे जातेच.

मोठ्या बंदरांत एकूण 11 इशारे असतात. एक आणि दोन नंबर दूरच्या वादळाचे, म्हणजे बंदर सोडून बाहेर जाणाऱ्यासाठी. तीन-चार खुद्द बंदराला धोका. पाच, सहा, सात तर वादळ बंदराच्या कुठल्या अंगाने जाणार तेही सांगतात. आठ ते दहा मोठ्या वादळाचे. वर काही लावलेलं नसेल तर सगळं ठीक. काठी वर्षातला बराच काळ रिकामी असते, ती काढून टाका असं कोणी म्हणत नाही.

पण मला सगळ्यात शहाणा वाटतो तो 11 नंबर. त्याचा अर्थ, वादळाची खबर देणाऱ्या केंद्राशी संपर्क तुटलाय आणि इथल्या अधिकाऱ्याच्या मते धोका आहे. म्हणजे "मला वरून काही कळत नाही, तुम्ही सावध राहा" हे सांगण्यासाठी वेगळा इशारा. तुमच्या 55 इंची स्क्रीनला हे सांगता येतं का विचारा.

रावपुरेकर | 10 जून, रात्री 9:55

मिऱ्याबंदर, सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही सांगितलीत.

बाहेरच्यांसाठी सांगतो. विश्वामित्री पावागडच्या बाजूने येते, वर आजव्याचं सरोवर, सयाजीराव महाराजांच्या काळातलं. पाऊस जोरात लागला की बडोदेकर दोन आकडे विचारत बसतात: आजवा किती आणि काळाघोडा किती. काळाघोड्याच्या पुलाशी 26 फूट ही धोक्याची पातळी धरतात. 31 जुलै 2019 ला एका दिवसात 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला होता. 2024 मध्ये गोकुळाष्टमीला सुरू झालेल्या पुरात नदी 35 फुटांच्या वर गेली.

त्या रात्री आमच्या ग्रुपवर आकड्यांचा पाऊस. 24, 26, पुन्हा 24, मग 29. कुठला आत्ताचा आणि कुठला संध्याकाळचा, काही कळेना. एकच फोटो पहाटेपर्यंत फिरत होता. खाली गाड्या बुडाल्या त्या लोकांना माहिती मिळाली नाही म्हणून नव्हे, शिळी मिळाली म्हणून. हुशार स्क्रीन असता तर त्यानेही 24 च दाखवलं असतं, मोठ्या सुंदर अक्षरात.

मगरमित्र | 10 जून, रात्री 10:02

आणि तोही पाण्याखालून. बघायला आमचीच मंडळी.

एम्बेडेड_बाबा | 10 जून, रात्री 11:15

मगरमित्र गंमत करताहेत, पण मुद्दा तोच आहे. पूर आला की पाणी शिरलेल्या भागाची वीज मुद्दाम बंद करतात, शॉक लागू नये म्हणून. मग राउटर गेला, थोड्या तासांनी मोबाइल टॉवरची बॅटरी गेली. म्हणजे तळमजल्यावरचा, विजेवरचा, इंटरनेटवरचा बोर्ड नेमका पुराच्या रात्री गैरहजर.

नदीची गोष्ट त्या स्क्रीनपासून पूर्ण वेगळी काढा:

जागा पहिल्या मजल्याच्या जिन्यात, वर. बारा व्होल्टची बॅटरी आणि दिवा. इंटरनेट असेल तेव्हा काळाघोड्याचा आकडा, पण शेजारी तो किती वाजताचा ते तितक्याच मोठ्या अक्षरात. ठरावीक वेळ नवा आकडा आला नाही की जुना पुसायचा आणि 11 नंबर लावायचा. शेवटचा आकडा धरून ठेवायचा मोह सॉफ्टवेअरवाल्यांना फार असतो, कारण रिकामी चौकट वाईट दिसते.

आणि काळाघोडा म्हणजे तुमचं गेट नव्हे. आजव्यातून सोडलेलं पाणी शहरात यायला काही तास घेतं आणि तुमच्या गल्लीत ते नदीच्या काठावरून येण्याआधी कांसातून, म्हणजे पावसाळी पाण्याच्या नाल्यातून, उलटं वर येतं. त्यामुळे गेटजवळच्या कांसाच्या चेंबरमध्ये एक फ्लोट स्विच टाका. टाकी भरल्यावर पंप बंद करणारा असतो तोच. पाणी चढलं, स्विच उचलला गेला, दिवा लागला. मधे इंटरनेट नाही, कंपनी नाही, कोणाचा चेहरा नाही.

निवृत्त_पण_प्रवृत्त | 11 जून, सकाळी 5:58

आणि कांसात प्लास्टिकची पिशवी अडकली की रात्री दोन वाजता 32 घरं गाड्या काढायला खाली. एकदा झालं की लोक वायर कापतील.

एम्बेडेड_बाबा | 11 जून, सकाळी 8:10

दोन स्विच, वेगवेगळ्या उंचीवर. खालचा लागला तर फक्त पिवळा दिवा, वॉचमनने जाऊन बघायचं. दोन्ही लागले तर लाल आणि भोंगा. वरचा लागला आणि खालचा नाही, म्हणजे कचरा किंवा बिघाड. आणि काका, तुमच्या शंकेला तोड नाही. आमच्या ऑफिसात या.

काळाकोट | 11 जून, सकाळी 10:30

नुसत्या पिवळ्या-लालवर विसंबू नका. माझ्या भावाला लाल आणि हिरव्यातला फरक दिसत नाही, असे पुरुष बरेच असतात. जागा किंवा आकार वेगळा ठेवा. मिऱ्याबंदरांच्या शंकूंना आणि ठोकळ्यांना म्हणूनच मानलं पाहिजे, रंग न दिसणाऱ्यालाही कळतात.

भाषेचं काय ठरवताय? तीन भाषा आळीपाळीने फिरवल्या की प्रत्येकाला दोन-तृतीयांश वेळ न कळणारा बोर्ड.

फतेगंजची_फाइन_आर्ट्सवाली | 11 जून, दुपारी 1:00

नदीच्या फळ्यावर भाषा कशाला? जिन्याच्या भिंतीवर खऱ्या उंचीवर 2019 ची रेघ आणि 2024 ची रेघ रंगवा. वर्षांचे आकडे सगळ्यांना वाचता येतात.

रावपुरेकर | 15 जून, रात्री 10:20

मीटिंग झाली. अडीच तास, दोनदा चहा.

कॅमेरा बाद. काळाकोट यांचे लेखी प्रश्न विक्रेत्याला पाठवले होते, त्याने उत्तराऐवजी सवलत पाठवली. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी सांगून टाकलं की माझी औषधं मला माहीत आहेत, लॉबीला कळायची गरज नाही. तिथे निम्मी मतं फिरली.

स्क्रीन मात्र येणार, 43 इंची. जाहिरातींवर मी हरलो. सकाळी 11 ते 5 जाहिराती चालतील, तेव्हा खाली फारसं कोणी नसतं, म्हणजे मगरमित्रांनी दंडवत घातलेली योजना शेवटी मंजूर. सूचना असेल त्या दिवशी जाहिराती पूर्ण बंद, एवढं अनघाताईंच्या फोटोवर पदरात पाडून घेतलं. तो कागद बघून सभा हसली आणि मग गप्प झाली. थकबाकीदारांच्या यादीचा विषय प्रमुखसाहेबांनीच आवरला. त्यांचा मुलगा यादीत आहे.

नदीच्या दिव्याला होकार मिळाला. खर्च किरकोळ, म्हणून कोणी भांडलं नाही. रेघा रंगवायला मात्र एका घराचा विरोध: फ्लॅट विकायला काढलाय, गिऱ्हाईक रेघ बघून पळेल म्हणे. त्यावर निर्णय पुढे ढकलला.

बाबा, फ्लोट स्विच कुठल्या प्रकारचा घेऊ? दुकानात दोन-तीन जातींचे दिसले.

एम्बेडेड_बाबा | 15 जून, रात्री 10:45

केबलला लोंबकळणारा, सीलबंद घ्या. नळीवर सरकणारा कांसातल्या गाळात अडकतो. चेंबरच्या तोंडाला जाळी बसवा. बारा व्होल्टवरच चालवा, घरातला 230 कांसात नेऊ नका. जोडणी दिव्यापाशी वर, खाली एकही सांधा नको. आणि दर पावसाळ्यात हाताने उचलून दिवा लागतो का बघायचं.

निवृत्त_पण_प्रवृत्त | 16 जून, सकाळी 6:02

"बघायचं" म्हणजे कोणी आणि कधी, हे ठरावात लिहा, नाहीतर कोणीही बघणार नाही. पहिली तपासणी या आठवड्यातच करा, पाऊस दारात आहे. दुसरी 15 ऑगस्टला. झेंडावंदनाला सगळे खाली असतात, स्विच सगळ्यांच्या देखत उचला. जिलेबी-फाफड्याच्या आधी. नंतर कोणी थांबत नाही.